केबलवाले नाना लाइव्ह

आमच्या धरणगावात सूर्य कुणाच्या परवानगीने उगवायचा ते मला माहीत नाही, पण टीव्ही मात्र केबलवाल्या नानांच्या परवानगीनेच लागायचा. लागल्यावर त्यावर काय बघायचं, किती वेळ बघायचं आणि बघून झाल्यावर त्याबद्दल मत काय ठेवायचं, हेही नानाच सांगायचे. पायजम्याच्या नाडीत खोचलेली पक्कड, खांद्यावर काळ्या वायरीचं वेटोळं आणि तीन गल्ल्या पलीकडूनच ऐकू येणारी मोपेड. मोपेडचा आवाज आला की बाया चहाचं आधण ठेवायच्या, कारण 'चित्र दिसत नाही' ही तक्रार नाना कधीच उभ्या-उभ्या ऐकत नसत. आधी चहा, मग वायर, आणि वायर जोडून झाली की 'चेक करून देखस' म्हणून अख्खी मालिका बसून बघणं. शिवाय तोच भाग ते पलीकडच्या गल्लीत आधी कुठेतरी बघून आलेले असत. माझी आई डोळ्याला पदर लावून बसलेली असताना नाना बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "अक्का, रडू नको. तिले काही व्हत नही. सोमवारी परत येस ती." मग आईचं रडणंही गेलं आणि सोमवारही गेला. असा माणूस गल्लीला जड व्हायला हवा होता, पण एक दिवस मोपेड आली नाही तर बाया एकमेकींना विचारायच्या, नानांना बरं नाही का हो?

नाना माझे काका, मामा, आत्याचे यजमान, यांपैकी कुणीही नाहीत. आमच्या घरापासून चौथ्या घरात राहतात, एवढंच नातं. पण माझ्या दहावीच्या वर्षी फेब्रुवारी उजाडला आणि आमच्या टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या. बाबा शाळेत गुरुजी, स्वभावाने गरीब. ते चार दिवस थांबून नानांकडे तक्रार घेऊन गेले, तेव्हा कळलं की बिघाड वगैरे काही नाही, नानांनी वायर काढून ठेवली आहे. गावात ज्या-ज्या घरी दहावीचं लेकरू, त्या-त्या घरची वायर नाना दरवर्षी काढत, कुणालाही न विचारता. "पोरगी पास व्हऊ दे गुरुजी, मंग देखू," असं म्हणून त्यांनी बाबांनाच समजावून परत पाठवलं. निकाल लागला त्या दुपारी नाना पेढे घेऊन आले, वायर जोडली आणि 'चेक करण्यासाठी' अख्खा सिनेमा बघून, संध्याकाळची खिचडी खाऊन गेले. पेढ्यांतले निम्मे त्यांनीच खाल्ले, हे आई पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

पण नानांचा खरा कायदा सुतकाचा होता. गल्लीत कुणी गेलं की नाना शिडी लावून खांबावर चढायचे आणि त्या गल्लीची वायर ओढून टाकायचे. तिसरा दिवस होईपर्यंत सगळी गल्ली गप. एका घरात माणूस गेलंय आणि शेजारच्या घरात गाणी वाजताहेत, हे त्यांना खपायचंच नाही. एकदा नेमकी क्रिकेटची मोठी फायनल आणि त्याच सकाळी आमच्या गल्लीतले नव्वदीचे आबा गेले. आबा स्वतः क्रिकेटचे वेडे. त्यांचा मुलगा डोकं भादरून आला आणि नानांना म्हणाला, "नाना, वडील असते तर तेच म्हणाले असते, लावा म्हणून." नाना शिडीवरूनच म्हणाले, "त्या स्वतः ईसन सांगतीन, तव्हय लावसू." गल्लीतली माणसं पलीकडच्या गल्लीत जाऊन खिडक्यांना लटकली. आबांचा मुलगाही होता त्यात, टोपी कपाळावर ओढून.

आता जो-तो म्हणतो, मी क्रिएटर, माझा चॅनेल. अहो, आमच्या नानांचा चॅनेल तेव्हाच होता! दुपारी जेवणं झाली की केबलवर नानांचं गावचॅनेल लागायचं. त्यावर हरवलेल्या शेळ्या, वाढदिवसांच्या शुभेच्छा, आणि मुख्य म्हणजे गावातल्या लग्नांच्या कॅसेटी. कुणाचंही लग्न, कुणीही बघा. कुणी कुणाला कसली साडी नेसवली, पंगतीत कोण रुसलं होतं, सगळं गावासमोर. आणि मागून नानांचा आवाज चालू: "ही जी हिरव्या साडीमा शे, ती आते नाशिकले शे. दोन लेकरं शेतस तिले. धाकटा जरा कमी जेवस." एका घरी व्याह्यांचं फाटलं, तर ते लोक नानांकडे हात जोडून आले की कॅसेट लावू नका. नानांनी कॅसेट लावली नाही, पण का लावली नाही ते चॅनेलवर सविस्तर सांगितलं.

मग मोबाइल आले, स्वस्तातलं इंटरनेट आलं, आणि माणसं मालिका, सिनेमे, मॅच सगळं हातातच बघायला लागली. नानांना हा प्रकार मुळातच पटला नाही. "ज्याले वायर नही, त्याना भरोसा काय? तुटनं तर जोडानं कोठे?" असं ते ज्याला-त्याला विचारत. एकेक घर कनेक्शन सोडायला लागलं. नाना वायर काढायला स्वतः जायचे, चहा घ्यायचे, आणि निघताना रिकाम्या भिंतीकडे बघून "भोक बुजाडी ल्या, मुंग्या येतस" एवढं सांगायचे. त्यांच्या अंगणातली भलीमोठी डिश पुढेपुढे उलटी झाली. उन्हाळ्यात काकू, म्हणजे नानांची बायको, तिच्यावर ज्वारीचे पापड, म्हणजे आमचे बिबडे, वाळत घालायला लागल्या. काकूंचं म्हणणं, एवढ्या वर्षांत त्या डिशचा घराला पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

नाना हरले असं मात्र कुणी समजू नये. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. मोबाइलवरची मॅच केबलपेक्षा अर्ध्या-पाऊण मिनिटाने उशिरा येते. झालं! केबल चालू होती तोवर नानांच्या घरी मोठ्या टीव्हीवर विकेट पडली, की नाना चपला सरकवून चौकात जायचे. तिथे पोरं एका मोबाइलवर डोकी घालून बसलेली. नाना आभाळाकडे बघत म्हणायचे, "हाई बॉलले आउट व्हई." आणि व्हायचा! सुरुवातीला पोरं हसली, मग घाबरली. एक तर नानांच्या पायाच पडला. नानांनी त्याला आशीर्वादही दिला. पुढे भेद फुटला, तेव्हा पोरं म्हणाली, नाना, तुम्ही मॅचची मजा घालवता. नाना म्हणाले, "मी नही घालाडत. तुम्हना मोबाइल शिळं वाढी राह्यना तुम्हले." तेव्हापासून मोबाइलवरच्या मॅचला नाना 'शिळी मॅच' म्हणतात.

पण एक संध्याकाळ मला आठवते, ती काही हसण्यावारी नेता येत नाही. माझे बाबा गेले तेव्हा आई आधीच गेलेली होती आणि भाऊ पुण्याहून यायचा होता. अंगणात माणसं बसली होती. नाना पक्कड घेऊन खांबावर चढले आणि त्यांनी नेहमीसारखी गल्लीची वायर ओढली. खाली उतरतात तोच समोरच्या घरातून ओरडा आला, "सिक्स!" मग पलीकडून आला, मग माडीवरून. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो, सवयच तशी झालेली. नाना तिथेच उभे राहिले हातातल्या वायरीकडे बघत. मग त्यांनी पक्कड नाडीत खोचली आणि दारोदार निघाले. प्रत्येक घरात जाऊन हात पुढे करायचे, "बंद कर रे, गुरुजी गयात." एक पोरगा म्हणाला, "नाना, म्यूट करतो ना." नाना कधी नव्हे ते कडाडले, "सुतक म्यूटवर नही ऱ्हास!" सगळी गल्ली फिरून ते माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "वायर व्हती तव्हय एक पक्कडमा गल्ली गप व्हये. आते घरोघर जानं पडस, पोरी." मला त्या दिवसभरात रडूच आलं नव्हतं. ते तेव्हा आलं.

त्यानंतर आमच्या घराला कुलूप लागलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आमरस-पुरणपोळीवर आडव्या होतात. कुलूप लागलेल्या माहेराला कोण जाणार? मी जळगावला घरी बसले होते, तर खाली मोपेडचा आवाज. मुराळी म्हणून नाना! धरणगावाहून भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून मला न्यायला आले होते. "काकूनी पुरण टाकेल शे. चाल लवकर, मोपेड बंद करी तर सुरू नही व्हत." तेव्हापासून दर आखाजीला मी त्या मोपेडवर मागे बसून नानांच्या घरी जाते. वाटेत नाना मला गावातल्या सगळ्या बातम्या देतात आणि मोपेडच्या आवाजात मला त्यातलं काही ऐकू येत नाही.

आखाजीच्या आठवड्यातच शाळेच्या मैदानावर टेनिस-बॉल क्रिकेटची स्पर्धा असते, आणि तिची कॉमेंट्री नानांची. केबल होती तेव्हा लग्नाच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा लावून ते ती गावचॅनेलवर दाखवायचे. केबल गेली, चॅनेल गेलं, तरी भोंगा आणि माइक नानांकडेच राहिला. बाकी सगळं एकेक करून हातातून सुटलेल्या माणसाकडे एवढी एकच गोष्ट उरली होती. वर्षभर काकूंची बोलणी खाऊन घेणारा हा माणूस आखाजी जवळ आली की सकाळी मिठाच्या गुळण्या करायचा.

यंदा ती गोष्टही गेली. घेणारी दुसरीतिसरी कुणी नाही, माझीच भाची प्राची, माझ्या चुलतभावाची मुलगी. ही पोर अहिराणीत सासू-सुनांचे रील करते आणि लाखभर माणसं बघतात म्हणे. तिने आणि तिच्या मित्रांनी ठरवलं की स्पर्धा लाइव्ह दाखवायची. चार कॅमेरे, पडद्यावर खाली धावफलक, जाहिराती, आणि कॉमेंट्रीला धुळ्याचा एक गॉगलवाला व्यावसायिक मुलगा. नानांचं काय? तर त्यांचा उद्घाटनाला सत्कार. शाल, श्रीफळ आणि मंडपात पहिल्या रांगेत खुर्ची. प्राचीला वाटलं, केवढा मान दिला. मला तिने फोनवर हे हौसेने सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. अगं बाई, आपल्याकडे बोलत्या माणसाला शाल देतात ती त्याने आता बोलू नये म्हणून! आणि मी तिथे नव्हते, कारण आठवड्यापूर्वीच न्हाणीघरात घसरून मी पाय मोडून घेतला होता. नाना मुराळी म्हणून आले, प्लास्टर बघितलं, मोपेडच्या मागच्या सीटकडे बघितलं, आणि काकूंनी माझ्यासाठी केलेल्या सांजोऱ्यांचा डबा टेबलावर ठेवून एकटेच परत गेले. शालीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

पहिले दोन दिवस मी पाय स्टुलावर ठेवून मोबाइलवर स्पर्धा बघितली. धुळ्याचा मुलगा काही वाईट नव्हता हो. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत, दम न खाता बोलत होता. चेंडूचा वेग, फलंदाजाचा स्ट्राइक रेट, सगळं तोंडपाठ. पण बघणारे कोण? सुरतला, वापीला, पुण्याला आणि पार मस्कतला पोटासाठी गेलेले आमच्या गावचे लोक, आणि माझ्यासारख्या न येऊ शकलेल्या लेकी. त्यांना त्या स्ट्राइक रेटचं काय करायचंय? पडद्याच्या कडेला त्यांचे निरोप येत होते: 'कॅमेरा जरा टाकीकडे फिरवा.' 'मागे पांढरी टोपी दिसते ते आमचे दादा का?' 'आमचं दुकान उघडं शे का?' आणि पुन:पुन्हा, 'नाना कोठे शेतस?' गॉगलवाला बिचारा यातलं काय सांगणार? त्याला टाकी माहीत नाही, टोपी माहीत नाही, नाना माहीत नाहीत. आणि नाना तिथेच होते, अवघ्या दहा पावलांवर, त्या उन्हात शाल पांघरून, तोंड मिटून.

फायनलच्या दुपारी प्राचीचा फोन आला, रडवेला. "आत्या, बघणारे निघून चाललेत. सगळे नानांनाच विचारताहेत. मी माइक घेऊन गेले तर नाना म्हणतात, शाल दिलेला माणूस बोलत नसतो. तू सांग ना त्यांना!" मी नानांना फोन लावला. आधी गोड बोलून पाहिलं, मग रागावून. नाना ढिम्म. "त्या पोऱ्याले चांगलं इंग्लिश येस," म्हणाले. "मनं काय शे आते? ना वायर, ना खांब." मग जे मनात होतं ते तोंडून निघालं. "नाना, आखाजीला मी घरी बसलेय. मोबाइलवर मैदान दिसतंय, पण गाव दिसत नाही. तुम्ही बोलल्याशिवाय मला माझं माहेर दिसायचं कसं?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नाना म्हणाले, "मोबाइल चार्ज करी ठेव."

मग काय सांगू तुम्हाला! शाल खुर्चीला बांधून नानांनी माइक हातात घेतला आणि क्रिकेटचं जे काही केलं ते क्रिकेट शोधणाऱ्यांनी ऐकलं असतं तर त्यांनी खेळच बदलला असता. "बॉलर पयत येई राह्यना. याना आजा मना पहिला गिऱ्हाईक. चहा फार चांगला ऱ्हाये त्यासना घर. आनि मारा! बॉल गया, गया, डॉक्टरना गच्चीवर गया! डॉक्टर सासरवाडीले जायेल शेतस, आते बॉल उतारी कोन?" मध्ये एक विकेट पडली, ती नानांनी सांगितलीच नाही, कारण तेव्हा ते टाकीजवळच्या झोक्यांवर कोणकोणाच्या लेकी आल्यात ते सांगत होते. अंपायरने बोट वर केलं तर म्हणाले, "बोट वर शे, पन त्याना चष्मा मांगला महिनामा फुटेल शे, हाई ध्यानमा ठेवा." निरोप वाचायला दिले तर तिथेही नानांचा खाक्या दारावर आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखा. "हाऊ 'लव्हर बॉय' कोनना पोऱ्या शे? बापनं नाव लिख आधी!" आणि त्याने मस्कतहून निमूटपणे बापाचं नाव लिहिलं. नाना म्हणाले, "अस्सं! तुना बाप समोर बठेल शे. कॅमेरा, इकडे फिराव. देख, जरा वाळना तो, पन बरा शे." प्राची नंतर सांगत होती, त्या तासाभरात बघणाऱ्यांची अशी रीघ लागली की तिच्या रीलवाल्या सासू-सुना लाजल्या असत्या. धुळ्याचा मुलगा गॉगल काढून नानांच्या शेजारी बसला होता आणि नानांना कानात स्कोअर सांगत होता. पुढच्या आखाजीचा माइक आताच ठरला आहे, आणि काकूंनी ती शाल डिशवरच्या बिबड्यांखाली अंथरायला घेतली आहे.

त्या फायनलमध्ये डाव बदलताना नानांनी मला फोन केला. "देखी राह्यनी ना?"

"देखतेय नाना."

"मी दिसस का?"

दिसत होते. मंडपाच्या खांबाला टेकून उभे, डोक्याला तोच रुमाल.

"हाई देख, तुन्हासाठे हात हालावस. दिसना का?"

पडद्यावर नाना खांबाला टेकून पाणी पीत होते. "नाही नाना, अजून नाही."

"अरे, हालावी राह्यनू ना! दोन्ही हात हालावी राह्यनू! लोके हसी राह्यनात मले!"

"नाना, हे उशिरा येतं. तुम्हीच नाही का म्हणत, शिळं येतं म्हणून?"

नाना म्हणाले, "येवू दे उशिरा. तू देखत ऱ्हाय. पुढला वर्षी मी मोपेड लिसन येस, पाय नीट ठेव." आणि दुसरा डाव सुरू होतोय म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

मी बघत राहिले. पाणी पिऊन झालं, ग्लास खाली ठेवला गेला, नानांनी खिशातून फोन काढून कानाला लावला. मग ते कॅमेऱ्याकडे वळले आणि त्यांनी हात वर केला. आधी एक, मग फोन खांद्याने कानाशी दाबून दोन्ही. मागची माणसं हसत होती आणि नाना टाचा उंचावून, खांबावरून गल्लीला हाक मारावी तसे हात हलवत होते. घरात कुणी नव्हतं. मीही प्लास्टरचा पाय सावरत हात वर केला आणि मोठ्याने म्हणाले, "दिसला नाना, दिसला!"

नानांनी फोन केव्हाच ठेवून दिला होता.